बंदुकीपाशी बसलेले बाबा

बाबा हथखोजच्या एका कारखान्यात बंदूकवाले गार्ड. ड्युटी संपली की कंपनीची बंदूक घरी यायची, कारण तिकडे ठेवायला साधं कपाट नव्हतं. घरी ती एकटी सोडायची नाही, वर असाही नियम. म्हणून बाबा कुणाच्याच लग्नाला गेले नाहीत.

माझ्या लग्नाला, म्हणजे एकुलत्या एका मुलीच्या, घराला कुलूप लागलं आणि बाबा बंदूक घेऊनच सुपेल्याच्या हॉलवर आले. पण आत येईनात, दाराबाहेरच खुर्ची टाकून बसले. मी बोलवायला गेले तर म्हणाले, "बुद्धाच्या मूर्तीसमोर बंदूक घेऊन कसा बसू, पोरी? मी अठूनच त्रिशरण म्हणतो."

नवऱ्याकडच्या पाहुण्यांनी त्यांना हॉलचा गार्ड समजून गाडी कुठं लावायची ते विचारलं. बाबांनी उठून जागा दाखवली. एका कपाटापायी! आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

आता नियम बदलला. बंदूक कारखान्यातच जमा होते. पहिल्या दिवशी बाबा रिकाम्या हातानं घरी आले, ते आईनं मला फोनवर सांगितलं. खुशीत होते म्हणे. चप्पल काढता काढता त्यांनी तिला विचारलं, "आता मले कुठीबी जाता येते. कोनाचं लगन हाय आपल्या घरी?"