सुनेचा पान्हा

पाबळच्या माळावर धुरपदाबाईंचा शब्द खाली पडत नसे. मेंढरं विकून घर शेतीला लागलं त्याला जमाना झाला, तरी एखादी शेळी करडाला जवळ घेईना, की लोक आधी त्यांनाच हाक मारत. त्या शेळीची मान गुडघ्यांत दाबून धरत आणि करडू खुशाल आचळाला लावून देत. शेळी मुकाट पाजायची. तिची काय बिशाद!

सुनेच्या बाबतीतही त्यांनी हीच तऱ्हा चालवली. अंकिताला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. धुरपदाबाईंनी काही कमी केलं नाही. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, तुपात चुरलेली भाकरी. पण खाणं झालं की त्या बाजेसमोर ठाण मांडत.

"धर नीट. वढतंय का? आलं का?"

बाळ रडायचं, अंकिता घामाघूम व्हायची. त्यात भेटायला आलेली प्रत्येक बाई दारातूनच विचारणार, "काय गं, पुरतंय का दूध?" जणू सगळ्या गावाला रतीब घालायचाय! दूध मात्र आटतच चाललं. शेवटी अंकिताचा नवरा हृतिक शिक्रापूरच्या कंपनीतून सुटल्यावर पावडरचा डबा घेऊन आला, तेव्हा धुरपदाबाईंना तोंडात मारल्यासारखं झालं.

दुसऱ्याच दिवशी त्या सुनेला आणि बाळाला घेऊन तळेगाव ढमढेऱ्याला वैद्य शितलताईंकडे गेल्या. ताईंनी दोघांना नीट तपासलं, बाळाचं वजन केलं.

"वजन म्हणावं तसं वाढत नाहीये. चार दिवसांनी परत दाखवा. तोवर वरचं दूध द्यावं लागलं तर द्या, त्यात कमीपणा नाही," त्या म्हणाल्या आणि शतावरी कल्प लिहून दिला.

धुरपदाबाईंनी खीर-लाडवांचा पाढा वाचला.

"खाणंपिणं छानच आहे, आजी. पण दूध कशानं आटतं हे सांगताना आमच्या शास्त्रात उपासाबरोबर राग, दुःख आणि भीतीही सांगितलीय. आईचं मन निवांत हवं." मग ताई अंकिताकडे वळल्या. "तुला कशाची धास्ती वाटते गं?"

अंकिता बाळाचं टोपरं सारखं करत बसली. तिनं सासूकडे बघायचंही टाळलं, आणि धुरपदाबाईंना तेच लागलं.

"म्हंजी म्या भ्या घालते व्हय?" परतीच्या जीपमध्ये त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा पुटपुटल्या.

घरी आल्यावर अंकितानं गाऊन चढवला आणि बाळाला ओढणीखाली घेतलं. धुरपदाबाई सवयीनं समोर बसल्या, आणि पोरीनं अंग चोरलेलं त्यांना दिसलं. रोजच चोरत असणार. आज ते दिसलं एवढंच. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्या उठून दाराशी गेल्या आणि पाठमोऱ्या बोलल्या.

"हृतिकच्या वक्ताला मला एक थेंब आला न्हाई. माझी सासू आशीच पुढ्यात बसायची. म्या रडायची. शेवटी शेळीच्या दुधावर वाढवला त्याला. आजवर कुणाला बोलले न्हाई, पोरी. तुझंबी तसंच हुईल, ह्याच भ्यानं बसत हुते."

अंकिता हळूच म्हणाली, "म्हंजी ह्यांना शेळीनं वाढवलं?"

"मग! उगं न्हाई एवढा आडमुठा!"

अंकिताला हसू फुटलं. हसता हसता ती रडली, आणि रडून झाल्यावर पुन्हा हसली.

धुरपदाबाई उंबऱ्यात जाऊन बसल्या. तेवढ्यात शेजारची गिताबाई आली. "पुरतंय का गं दूध?"

"न्हाई पुरत! तू काय आणून देतीस?" धुरपदाबाई कडाडल्या. गिताबाईनं आल्या पावली घर गाठलं.

मग आतलं बाळाचं रडणं थांबलं. थोड्या वेळानं बारीक घुटक्यांचा आवाज येऊ लागला, एकामागून एक. मागं वळून बघायला जीव तडफडत होता, पण धुरपदाबाई हलल्या नाहीत.

"आत्या," अंकितानंच हाक मारली, "इकडं या की. बघा तरी, गाऊन भिजला माझा!"

धुरपदाबाई धावल्या खऱ्या, पण डोळे इतके भरून आले होते, की समोरचं त्यांना काहीसुद्धा दिसेना.