वाफ आली की ओरडा

झिग्मुंटकाकांनी चाळीस वर्षं पिठाच्या गिरणीत काढली. निवृत्त झाल्यावर सुखानं बसावं ना, तर ते वाफेच्या मागे लागले. अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या पूर्व भागातलं हे तिमजली लाकडी घर त्यांच्या पोलिश वडिलांचं. तळमजल्यावर मी भाडेकरू, मधल्या मजल्यावर काका आणि सगळ्यात वर त्यांची थोरली बहीण अपोलोनिया, वय एक्याऐंशी. इरेनाकाकू गेल्यापासून काकांना हक्काचं माणूस तेवढं एकच. दोघं रोज भांडायची. बिटाच्या सारात मीठ जास्त म्हणून भांडायची, दुसऱ्या दिवशी कमी म्हणून भांडायची.

भांडण नव्हतं ते एकाच गोष्टीवर. वरची खोली गार पडते, हे दोघांनाही मान्य होतं.

जानेवारीत अपोलोनियाच्या मुलीचा, रेनाटाचा, फ्लोरिडाहून फोन आला. "मामा, मी शुक्रवारी संध्याकाळी सहाला पोचतेय. थर्मामीटर आणतेय. आईच्या खोलीत अडुसष्ट फॅरनहाइट नसलं तर मी तिला घेऊनच जाणार."

"ने की! माझ्या डोक्याची कटकट तरी जाईल," काका म्हणाले, फोन ठेवला आणि थेट तळघरात बॉयलरपाशी गेले. जेवायलाही वर आले नाहीत, म्हणून मला कळलं की माणूस घाबरलाय.

आता हे वाफेचं प्रकरण असं. बॉयलरची वाफ नळातून वर चढून रेडिएटरमध्ये, म्हणजे खोली तापवणाऱ्या लोखंडी नळकांड्यांत जाते, पण आधी त्यांतली हवा बाहेर पडावी लागते. त्यासाठी प्रत्येक रेडिएटरच्या कडेला एक अंगठ्याएवढी शिट्टी असते. शिट्टीचं भोक मोठं असलं की हवा झटकन जाते आणि वाफ लवकर येते. बारीक असलं की उशिरा. म्हणजे खाली बारीक शिट्ट्या लावायच्या, वर मोठ्या, की तिन्ही मजले बरोबरीनं तापतात. पुस्तकात तरी तापतात.

काकांनी मला माझ्या रेडिएटरवर हात ठेवून उभं केलं. "वाफ आली की ओरड!"

अकराव्या मिनिटाला मी ओरडले, "आली!" मधल्या मजल्यावरून काका ओरडले, "आली!" वरून काहीच नाही.

"ताई! आली का?"

"कोण आलंय?" वरून आवाज.

काका वर गेले, शिट्टी बदलली, खोली तापली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गार. मग त्याहून मोठी शिट्टी. पुन्हा गार. बुधवारी त्यांनी माझ्याकडे सुईच्या टोकाएवढ्या भोकाची शिट्टी लावली आणि स्वतःचे रेडिएटर पार बंद केले, का तर सगळी वाफ ताईला मिळावी. एरवी जानेवारीत खिडक्या उघड्या टाकून अर्ध्या चड्डीत वावरणारी मी, कानटोपी घालून अंडी तळू लागले. बॉयलर चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट माझ्याच पॅसेजमध्ये. त्याला वाटलं सगळं घर गारठलंय, म्हणून बॉयलर थांबायचं नावच घेईना. अख्खं घर रेल्वे इंजिनासारखं धापा टाकत होतं आणि वरच्या खोलीत मात्र रोज सकाळी चोपन्न.

"काका, माझं भाडं परत करा," मी म्हटलं.

"तुला थंडी वाजते, माझी बहीण चाललीय!" ते खेकसले. आणि मग हळूच म्हणाले, "तिथं गेली की ती परत यायची नाही गं."

मला स्वतःचीच लाज वाटली. शुक्रवारी रेनाटा येणार म्हणून मी जिना पुसून काढला आणि काकांना दटावलं, "बूट इथंच काढा." चार वाजता ते नुसत्या मोज्यांवर वर गेले. पाचच मिनिटांत असा आरडाओरडा झाला की मीही धावले.

अपोलोनियाच्या हातात स्वयंपाकाचं फडकं होतं आणि त्या फडक्यात रेडिएटरची शिट्टी, जागच्या जागी पिळून उलटी केलेली. उलटी केली की हवा कोंडते आणि वाफ आत येतच नाही. हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं.

"ताई, हे काय करतेस?"

"चारला रेडिओवर पोलिशमधली जपमाळेची प्रार्थना असते. ही मेली फुसफुसते, मला पाद्रीबुवांचं काही ऐकू येत नाही. अर्धा तास तर बंद करते!"

"आणि मग?"

"मग विसरते. सकाळी तुझे बूट वाजले की आठवतं, तेव्हा करते सरळ. नाहीतर तू ओरडतोस."

"मी मोठी शिट्टी लावत होतो..."

"म्हणून तर जास्त फुसफुसत होती!"

काका मटकन पलंगावर बसले. मी शिट्टी सरळ केली. तीन दिवस न थांबलेल्या बॉयलरची सगळी वाफ जी वर सुटली, ती थांबेचना. सहाला रेनाटा आली तेव्हा भिंतीवरचा कागद सुटून खाली आला होता, मेणाच्या मेरीमातेनं मान टाकली होती आणि अपोलोनिया नुसत्या पोलक्यात बसून वर्तमानपत्रानं वारा घेत होती. थर्मामीटर म्हणाला ब्याण्णव.

रेनाटानं कोट काढला, मग स्वेटर काढला. "मामा, आमच्याकडे आज एकाहत्तर आहे."

"मग तिकडे तिला गारठा बाधेल," काका म्हणाले.

"आणि तिथं भिंतीवर पाली असतात," अपोलोनिया म्हणाली. "मी नाही यायची."

रविवारी रेनाटा एकटीच गेली. काकांनी माझी शिट्टी बदलून दिली. वरची मात्र बदलली नाही. ती दिवसभर फुसफुसते आणि तिला हात लावायची अपोलोनियाला सक्त मनाई आहे. त्यामुळे रोज चारला ती रेडिओ बगलेत धरून एकेक पायरी उतरत काकांच्या स्वयंपाकघरात येते. तिथला रेडिएटर अजून बंदच आहे. दोघं ओव्हरकोट, हातमोजे घालून टेबलाशी बसतात, तोंडातून वाफ सोडत जप करतात आणि जप संपला की साराच्या मिठावरून भांडतात.

परवा मी म्हटलं, "काका, आता उघडा की तो. गोठून मराल."

"वेडी आहेस का?" ते दबक्या आवाजात म्हणाले. "हा फुसफुसला तर ती खाली कशाला येईल?"