लोणच्याची बरणी आणि दोन बाण

कैरीचं लोणचं बरणीत भरताना वास सुटला की मला जयसिंगपूरची ती खेप आठवते. नात अकरावीला भौतिकशास्त्रात नापास झाली होती. फेरपरीक्षेतही विषय गेला तर सायन्स सोडायचं, असं तिच्या बापानं बजावलं होतं. जयसिंगपूरला माझ्या बहिणीकडे निघालो, तर पुस्तकातली गती डोक्यात शिरेना म्हणून ती वाटेत गाडीचं मीटर वाचत होती, बाप गाडी चालवत होता आणि मी तिच्या वहीत वेळ लिहीत होते. चौदा किलोमीटरवर मला आठवलं, बहिणीसाठी भरलेली बरणी घरीच राहिली. "रिकाम्या हातानं बहिणीच्या दारात जायची न्हाय मी. फिरव गाडी." "आज्जी, सगळी मापं बिघडवलीस की!" नात ओरडली. पण घरासमोर गाडी थांबली, तशी मीटर बघून ती एकदम म्हणाली, "गाडी अठ्ठावीस किलोमीटर पळाली, पण आपण निघालो तिथंच हाय. अंतर अठ्ठावीस, विस्थापन शून्य!" "आणि माझं पेट्रोल जळलं ते?" बाप म्हणाला. तिनं वहीत एकमेकांच्या उलट दोन बाण काढले आणि मला पटेपर्यंत समजावलं. मी चौथी शिकलेली, पण पटलं. ती पास झाली. आता पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. सुट्टी संपवून ती निघते तेव्हा बरणी मी सगळ्यात आधी गाडीत ठेवते. तिला आता अर्ध्या वाटेतून फिरायचं नाही.