न्यूट्रलमधली काळी-पिवळी

माझ्या मेव्हण्याने बनवलेली काळी-पिवळी जीप माझ्या दोन तळहातांवर मावते. पण तिच्याबद्दल सांगायचं तर आधी खऱ्या जीपबद्दल सांगावं लागेल. ती मी चालवायचो, जालना ते राजूर. राजूरला गणपती, त्यामुळे चतुर्थीला आत बसलेल्यांपेक्षा बाहेर लोंबकळणारे जास्त असायचे. मेव्हणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं गॅरेज होतं, आणि ब्रेकच्या कामात त्याचा हात धरणारा आमच्या अड्ड्यावर कोणी नव्हता.

त्या काळी उतार लागला की आम्ही ड्रायव्हर लोक इंजिन बंद करून, न्यूट्रल टाकून गाडी सोडून द्यायचो. डिझेल वाचायचं. इंजिन बंद झालं की ब्रेकचं पेडल दगडासारखं होतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं. तरी सगळेच करायचे, आणि त्याला हुशारी म्हणायचे. एका चतुर्थीला राजूरहून परतताना मीही तेच केलं. वळणावर बैलगाडी आडवी आली. पेडलवर उभा राहिलो तरी जीप थांबली नाही, डाव्या अंगाने लिंबाच्या झाडावर गेली. बाकीच्यांना खरचटलं. शेजारी बसलेल्या माझ्या बायकोचं मनगट मोडलं.

लोक जमले तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "ब्रेक लागलेच न्हाईत. कालच तर काम करून आणलं व्हतं."

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. काम मेव्हण्याने केलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. न्यूट्रलचं मात्र मी बोललो नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. हळूहळू मेव्हण्याकडे गाड्या येईनात. त्याने गॅरेज बंद केलं आणि लोखंडाच्या मिलमध्ये कामाला लागला. बायकोचं मनगट वाकडंच जुळलं. भावाला ती कधी टोचून बोलली नाही, पण घरातल्या कुठल्याही गाडीचे ब्रेक त्याला कधी दाखवले नाहीत. साधी सायकलसुद्धा नाही.

आता तो निवृत्त आहे. भंगारात त्याला रिमोटवर चालणाऱ्या गाडीचा मोडका सांगाडा मिळाला. त्यावर त्याने तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून आमची जीप उभी केली. टपावरची जाळी, मागची पायरी, आरशाला बांधलेली लिंबू-मिरची, सगळं होतं. बाहेरून पाहिलं तर ढकलल्याशिवाय हलणार नाही अशी म्हातारी गाडी. पुढच्या बंपरला डाव्या बाजूला पोचा होता. झाडावर आदळलेल्या जीपला तो नेमका तिथेच पडला होता. पण हा माणूस काहीही विसरत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून त्यात आणखी काही शोधलं नाही.

टप उचलून त्याने आतलं दाखवलं तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मूळ मोटरीच्या जागी दुप्पट ताकदीची मोटर. प्लॅस्टिकची दातेरी चाकं काढून पितळेची बसवलेली, तीही घरी कानशीने घासून. चाकांत बारीक बेअरिंगा. उंच गाडी वळणावर उलटू नये म्हणून तळाशी शिशाच्या पट्ट्या, आणि बॅटरी मागच्या सीटखाली अशी लपवलेली की सवारी बसली तरी कळू नये. एवढ्याशा जागेत एवढं सगळं कसं मावलं, ते मला अजून उलगडलेलं नाही.

रविवारी मैदानावर पोरं आपापल्या चकचकीत रिमोट-गाड्या पळवतात. आमची जीप पाहून एक जण ओरडला, "राजूर, राजूर! एक सीट खाली, काका!"

"बसा की जल्दी," मेव्हणा म्हणाला, "टपावर जागा हाय."

त्याने अंगठा दाबला आणि जीप दिसेनाशीच झाली. धूळ खाली बसली तेव्हा ती पलीकडच्या टोकाला वळून परत येत होती. मागे राहिलेली पोरं रिमोट हातात धरून नुसती बघत राहिली. मीही त्यांच्यातलाच एक.

तिथून तो आमच्या घरी आला. बायको आत चहा टाकत होती. फाटकापाशी गाडी चढवायचा उतार आहे, त्यावर त्याने जीप सोडली.

"गिअरात हाय, दाजी. अंगठा काढला की बघा." जीप उतारावरच जागच्या जागी थांबली. मग त्याने काडेपेटीतली काडी दारातून आत घालून ड्रायव्हरजवळचा गिअरचा दांडा हलवला. "आता न्यूट्रल."

जीप घरंगळली. अंगठा काढलेलाच होता, तरी ती थांबली नाही. ती डाव्या अंगाने फाटकावर आदळली.

"झाडापासनं जीप ओढायला आलो तवाच दांडा कुठं व्हता, ते म्या पाह्यलं व्हतं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

"मंग बोलला का न्हाईस?"

"ताईचा हात गळ्यात बांधलेला व्हता. भावावर रुसली तर सणाला न्हाई येणार, एवढंच. नवऱ्यासंग तिला रोज राहायचं व्हतं."

एवढ्याशा गाडीत लपवलेल्या मोटरीपेक्षा ही गोष्ट किती मोठी होती! ती याने इतकी वर्षं कुठे लपवली असेल?

मी बायकोला हाक मारली. काडीने दांडा न्यूट्रलला नेला आणि जीप उतारावर सोडली. ती फाटकावर आदळल्यावर म्हणालो, "त्या दिवशी मी हे केलं व्हतं. ब्रेक बराबर व्हते."

तिने वाकडं मनगट चोळलं. माझ्याकडे तिने पाहिलं नाही, आणि माझ्याशी ती अजूनही मोजकंच बोलते. तेव्हा मात्र तिने सुनेची स्कूटी स्टँडवरून काढून ढकलत भावापुढे आणली.

"भाऊ, हिचा मागचा ब्रेक आवाज करून राह्यला. बघ बरं जरा."

मेव्हणा उकिडवा बसला, आणि पान्यासाठी त्याने माझ्यापुढे हात केला.