काकांची चड्डी ठरेना

आमच्या सायकलवाल्यांचे किस्से मी कधी लिहून ठेवले नव्हते. गरजच पडत नाही. रविवारी राईड संपवून कर्नाळ्याच्या पायथ्याशी चहाला बसलो की वसंता जुने सगळे पहिल्यापासून पुन्हा सांगतो, आणि आम्ही उठेपर्यंत त्यात एकाची भर पडलेली असते. पण या वर्षी जुलैपासून जे जमले ते सगळे एकाच वस्तूचे. म्हटलं, हे तरी एका जागी असावेत. वस्तू म्हणजे चड्डी. सायकलची, आणि तीही सॅमसन काकांची.

आम्ही चौघं आहोत. सॅमसन काका एकोणसत्तर वर्षांचे, सरकारी नोकरीतून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले. पनवेलात बेने इस्रायलींची, म्हणजे मराठी ज्यूंची, जी थोडी घरं उरलीत, त्यातलं एक त्यांचं. ग्रुप त्यांनीच सुरू केला. शनिवारी त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा वार, म्हणून आमची राईड रविवारी; फक्त शनिवारीच मोकळे असलेले लोक आम्ही घेतलेच नाहीत. वसंता कोळी उरणकडचा, न्हावा शेव्याला बंदरात क्रेन चालवतो. अनघा रोडपालीला राहते आणि घरी बसून कुठल्यातरी अमेरिकन कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळते. मी गणिताच्या शिकवण्या घेतो.

जुलैतल्या एका रविवारी काका बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "या हिवाळ्यात रिबेकाकडे जातोय. राहायलाच."

रिबेका त्यांची मुलगी. इस्रायलमध्ये, हैफाला असते. घरामागे डोंगर, डोंगरात मातीच्या पायवाटा, आणि नातू तिथे मोठ्या चाकाची माउंटन बाईक पळवतो.

"फक्त एक आहे," काका म्हणाले. "तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. म्हणजे थंडी आणि पाऊस एकदम. आपली इथली चड्डी तिथे कामाची नाही. चांगली चड्डी मिळाली की तिकीट काढतो."

वसंताचं बिस्किट चहातच विरघळलं. मग अनघा म्हणाली, "काका, मी रिसर्च करते."

*

इथे आमचा एक नियम सांगायला हवा. ग्रुपमध्ये कोणी काही विकत घेणार असेल तर चौघांचा होकार लागतो. एकजण जरी नको म्हणाला तरी ती वस्तू दुकानात परत.

हा नियम माझ्यामुळे झाला. तीन वर्षांपूर्वी मी कोणाला न विचारता एक फिकट राखाडी शॉर्ट्स घेतली होती. जाडजूड पॅडची. दुकानदार म्हणाला, "सर, सोफ्यावर बसल्यासारखं वाटेल." देहरंगच्या धरणाकडे जाताना पाऊस लागला आणि त्या सोफ्याने सगळं पाणी पिऊन घेतलं. मागच्या चाकाने चिखल उडवून पाठीमागे जी काय नक्षी काढली तिच्याबद्दल न बोललेलं बरं. चहाच्या टपरीवर मी खुर्चीत बसलो तेव्हा पॅडमधून तांब्याभर पाणी निघालं आणि खुर्चीखालून वाहत रस्त्यापर्यंत गेलं.  टपरीवाल्या मावशीने नुसतं फडकं आणून माझ्या हातात दिलं.

त्या दिवशी काकांनी नियम केला.

*

अनघाचा रिसर्च म्हणजे एक्सेल. पंधरा दिवसांत तिने तेवीस शॉर्ट्स आणि चौदा कॉलम केले. कापड किती जाड, शिवणीवर टेप आहे का, मागचा भाग दुहेरी आहे का, मांडीवर हवेसाठी चेन आहे का, कमरेला ओढायचे पट्टे आहेत का, गुडघा झाकतो का. टपरीवर लॅपटॉप उघडून तिने पहिल्या नंबरची शॉर्ट्स दाखवली.

"ही बघा. वॉटरप्रूफ रेटिंग दहा हजार मिलिमीटर."

वसंताने भजी खाली ठेवली. "म्हंजे किती?"

"म्हणजे कापडावर दहा मीटर उंच पाण्याचा कॉलम उभा केला तरी आत पाणी येणार नाही."

"दहा मीटर पान्यात काका सायकल चालवनार हायेत?"

"तसं नाही रे, ते टेस्टिंग असतं."

"दहा मीटर पान्यात आमची होडी चालते," वसंता म्हणाला. "मना नाय पसंत."

तेवीसपैकी तसल्या रेटिंगच्या अकरा शॉर्ट्स त्या एका वाक्यात बाद झाल्या.

*

पुढची मी मागवली. पूर्ण वॉटरप्रूफ, शिवणी चिकटवलेल्या, रेटिंगचा आकडा वसंतापासून लपवलेला. काका ती घालून आले तेव्हा चालताना चिप्सचं पाकीट चुरगाळल्यासारखा आवाज येत होता. पाऊस धो धो होता. कर्नाळ्याच्या चढावर आम्ही तिघं चिंब झालो आणि काका पुढून ओरडून सांगत होते, "एक थेंब आत नाही!"

वर थांबून त्यांनी एक पाय जमिनीवर टेकवला. गुडघ्याच्या घेरातून भसकन पाणी बाहेर आलं.

"हे कुठून आलं?" काकांनी विचारलं.

ते त्यांचंच होतं. बाहेरचं पाणी आत जात नव्हतं, तसा आतला घामही बाहेर जात नव्हता. तासाभराचा सगळा तिथे साठला होता. अनघाने लगेच टिपून घेतलं की थंडीत असं भिजलेलं अंग घेऊन उतार लागला तर माणूस काकडून जाईल, म्हणून कापड थोडं श्वास घेणारं हवं. काका म्हणाले, "एवढी शास्त्रोक्त चूक बऱ्याच दिवसांत केली नव्हती."

ही बाद मी स्वतःच केली.

*

यानंतरचा किस्सा जरा नाजूक आहे. बाहेरची शॉर्ट्स सैल असते आणि तिच्या आत पॅडची घट्ट लायनर घालतात. काकांना लायनर मिळाली, चांगली लोकरी मिश्रणाची, ओली झाली तरी ऊब धरणारी. पण दर राईडनंतर ते वाकडे चालायचे. मांड्या सोलवटायच्या.

कारण आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं. लायनरच्या आत काही घालायचं नसतं. पण हे एकोणसत्तर वर्षांच्या माणसाला सांगायचं कोणी? मी वसंताकडे बघितलं. वसंता म्हणाला, "तुमी मास्तर हाव, तुमी सांगा." मी तीन रविवार विषय काढला आणि तीनही वेळा तो साबुदाणा खिचडीवर नेऊन संपवला.

शेवटी अनघाने सरळ सांगितलं. "काका, लायनरच्या आत अंडरवेअर घालायची नसते. शिवण घासते."

काकांनी चष्मा काढून पुसला. "अगं, जन्माची सवय आहे. एकदम कशी सोडू?"

"रिबेकाकडे जायला पनवेल सोडताय ना," वसंता म्हणाला. "मंग ही काय मोठी गोष्ट हाय?"

काका हसले नाहीत. वसंताही पुढचा अर्धा तास कोणाकडे बघत नव्हता.

*

सप्टेंबरमध्ये एक शॉर्ट्स जवळजवळ पसंत पडली होती. गुडघ्याखाली येणारी, ऐसपैस, मांडीवर चेन. तिची चाचणी म्हणून आम्ही कळंबोलीच्या सर्कलपर्यंत गेलो. सर्कलला पोचलो आणि काका थांबेनात. एक फेरी मारली, दुसरी मारली, आजूबाजूला न्हावा शेव्याचे कंटेनर भोंगे वाजवतायत, आणि काका आपले संथ गोल फिरतायत.

"काका, इकडे!" मी हात केला.

"उतरता येत नाही!" काकांनी जाता जाता कळवलं.

शॉर्ट्सचा ऐसपैस घेर सीटच्या नाकाड्यात अडकला होता. पाय टेकवायला पुढे सरकलं की चड्डी मागेच राहायची. तिसऱ्या फेरीला एका ट्रेलरवाल्याने गाडी थांबवून त्यांना आधी जाऊ दिलं. चौथ्या फेरीला वसंता सोबत धावला, एका हाताने हँडल धरलं आणि दुसऱ्याने काकांना फळीवरून मासा उचलावा तसं उचललं.

काका घामाघूम होते, तरी म्हणाले, "दोन इंच घेर कमी केला की उत्तम. शिंप्याकडे टाकतो."

"नाय," वसंता म्हणाला. "ही नको."

"अरे, शिंपी एका दिवसात—"

"मी नाय बोललो. संपला विषय."

*

त्या संध्याकाळी मी वसंताला गाठलं. म्हटलं, खरं सांग, त्या चड्डीत वाईट काय होतं? दोन इंचांचा तर प्रश्न होता.

"काय बी नाय. चांगली होती."

"आणि आधीच्या अकरा?"

"त्यातल्या पाच-सहा चांगल्या असतील."

"मग?"

वसंता सायकलच्या चेनला तेल घालत होता. तिला आधीच भरपूर तेल होतं. "मंग काय, मास्तर. चड्डी झाली की म्हातारा जातो."

 बावीस वर्षांपूर्वी माझा बाप गेला तेव्हा शेजारचे म्हणून जे काका घरी आले होते, ते अजून दर रविवारी सकाळी माझ्या दाराशी येऊन घंटी वाजवतात. ती घंटी बंद होईल हे मी स्वतःशीही बोललो नव्हतो. मी अनघाला फोन केला. ती लगेच म्हणाली, "मला माहितीये. मी कालच चार कॉलम वाढवलेत."

पुढचे पाच रविवार आम्ही तिघांनी जो चोखंदळपणा केला तो पाहून कोणाही दुकानदाराने हात टेकले असते. चेनचा रंग उठून दिसतो. खिसा डावीकडे आहे. कापडाला वास येतो. काका प्रत्येक वेळी मान डोलवायचे आणि घडी करून पिशवीत ठेवायचे. एकदाही त्यांनी वाद घातला नाही.

*

नोव्हेंबरमध्ये मात्र ते स्वतःच एक शॉर्ट्स घेऊन आले. काळी, मध्यम जाडीची, बसायच्या जागी दुहेरी कापड, गुडघा झाकणारी, घेर बेताचा. "रिबेका रोज फोन करतेय," ते म्हणाले. "आता ठरवून टाकू. पण इथे थंडी कुठली? तपासणार कशी?"

वसंता पटकन बोलून गेला, "मेव्हना बर्फाच्या कारखान्यात हाय." आणि बोलल्यावर जीभ चावली.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही चौघं उरणला, धक्क्याजवळच्या बर्फाच्या कारखान्यात उभे होतो. होड्यांना बर्फ जातो तिथे. आत लाद्या रचलेल्या, तोंडातून वाफ, आणि सगळीकडे मासळीचा वास. काकांची सायकल मासळीच्या क्रेटवर चढवली, मागचं चाक अधांतरी. काका वर बसून पॅडल मारू लागले. वसंताचा मेव्हणा पाइप घेऊन उभा राहिला आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी काकांच्या मांड्यांवर सोडू लागला.

"दाजी," त्याने वसंताला हळूच विचारलं, "यांनी केलंय काय?"

मी घड्याळ लावून वीस मिनिटं मोजली. शेवटी शेवटी माझेच दात वाजत होते, अनघा दोन ओढण्या गुंडाळून बसली होती. काका शांतपणे पॅडल मारत होते आणि पाणी चड्डीवरून अळवावरून ओघळावं तसं खाली जात होतं.

बाहेर आलो. उन्हात काका उभे राहिले. अनघाने गुडघ्याजवळचा काठ उलटून आत बोट लावलं आणि माझ्याकडे बघितलं. "कोरडी आहे. गरम आहे." तिचा आवाज बारीक झाला होता. "माझं हो."

मी हो म्हणालो. कसं म्हणालो ते मलाच ऐकू आलं नाही.

वसंता वाकला, कापड चिमटीत धरून बघितलं, शिवण बघितली, चेन दोनदा वरखाली केली. मग उठला आणि धक्क्याकडे तोंड करून म्हणाला, "चांगली हाय. खोटं कशाला बोलू? हो."

काकांनी मुठी उघडल्या, मिटल्या. समोर एक होडी बर्फ भरून घेत होती. तिच्याकडे ते थोडा वेळ बघत राहिले. त्यांच्या अंगावर साधा काटासुद्धा नव्हता.

"नाही रे वसंता," ते म्हणाले. "मला फार गार लागलं. ही नको. दुसरी बघू."