अकरा पायऱ्या कुणाच्या

मंडईत मावशीला सगळेच मावशी म्हणतात; तिच्याहून वयानं थोरला खाटीकसुद्धा. सव्वीस वर्षं ती नगरपालिकेचा झाडू मारतेय. तिच्या जिभेला हाड नाही आणि झाडूला डोळे नाहीत. तुमच्या पायावरून झाडू गेला तर माफी तुम्हीच मागायची, मधे पाय ठेवल्याबद्दल.

तिची सून मंडईच्या दारापुढच्या पायऱ्यांवर अंडी विकते. गेल्या महिन्यात एक ठेकेदार अंडी निवडायला वाकला आणि त्याच्या कमरेचं पिस्तूल निसटून पायरीवर आपटलं. बार उडाला. गोळी सुनेच्या कानापासून वीतभर अंतरावरून खांबात घुसली. ठेकेदाराकडे परवाना होता. "चुकून झालं, ताई," म्हणाला, फुटलेली अंडी भरून दिली आणि गेला.

सुनेच्या मनातला बार मात्र रोज उडत राहिला. ती यायची, पाटी उतरवायची आणि कुणी कमरेशी हात नेला की पाटी उचलून चालू लागायची.

"अगं, तो रुमाल काढतोय. नाक पुसायचंय त्याला," मावशी म्हणायची.

"पुसू दे. मी घरी जाते."

आत ओटा रिकामा नव्हता. बसायची जागा काय ती पायऱ्यांवरच. सून अशीच घाबरत राहिली तर धंदा बसणार आणि त्याआधी पोरगी खचणार, ही मावशीच्या जिवाला लागलेली टोचणी.

मग नगरपालिकेनं ठराव केला: मंडई, वाचनालय, बाग, जिथं जिथं पालिकेची जागा तिथं तिथं हत्यार बाळगायला बंदी. मावशीनं त्या दिवशी आनंदाच्या भरात मंडई दोनदा झाडली.

ठेकेदारानं हरकत घेतली. माणूस वाईट नव्हता. त्याला धमक्या येत, म्हणून तो हत्यार बाळगी. सभेत उभा राहून म्हणाला, "वरच्या सरकारच्या कायद्यानं पालिकेचा अधिकार आपल्या जागेपुरता. रस्ता वरच्या सरकारचा. पायऱ्या दाराबाहेर, म्हणजे रस्त्यातच की. तिथं मला कोण अडवणार?"

नकाशा उलगडला. त्याची घडी नेमकी पायऱ्यांवरच पडलेली आणि घडीत कागद विरून गेलेला. तिथं हद्दीची रेघ होती की नव्हती, देव जाणे. पालिकेचे वकील भिंग लावून बसले. अध्यक्षबाईंनी सुस्कारा टाकला. "पुरावा नसेल तर पायऱ्या सोडाव्या लागतील."

मागच्या बाकावरून मावशी उठली. "पायऱ्या पालिकेच्याच आहेत."

"कशावरून?"

"मी भांडणात हरले होते, त्यावरून."

सभा खो खो हसली. मावशी कुठली थांबतेय! "हसा. पंधरा वर्षांमागची गोष्ट. रस्त्याकडेच्या झाडांची पानं गळायची नि वाऱ्यानं पायऱ्यांवर यायची. रस्ते खात्याचा झाडूवाला खालच्या पायरीपर्यंत यायचा, नि तिथनं पाठ फिरवायचा. मी म्हटलं, दाराबाहेरचं मी का झाडू? अर्ज ठोकला. तर तुमच्याच कचेरीनं मला हे धाडलं."

तिनं पिशवीतून चौघडी कागद काढला. वकिलांनी वाचला: 'पायऱ्या अकरा व पुढील फरशी गटारापर्यंत ही पालिकेची मालमत्ता असून ती झाडणे आपले काम आहे. नकार दिल्यास कारवाई होईल.' खाली सही, वर शिक्का.

"एवढी वर्षं जपून ठेवलात?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"सही करणाऱ्याच्या तोंडावर फेकायला. पण मुडदा बदली होऊन गेला."

रस्ते खात्याचा झाडूवाला भिंतीशी उभा होता. मावशीचा जुना वैरी. त्यानंही मान डोलावली. "खरं आहे. हिच्या पायरीला माझा झाडू कधी लागला नाही. लागला असता तर हिनं मला जिता सोडला असता?"

वकिलांनी भिंग बाजूला ठेवलं. "रस्ते खात्यानंही कधी हक्क सांगितला नाही. पायऱ्या आपल्या. ठराव लागू."

ठेकेदारानं कागद उलटसुलट पाहिला. "गटारापलीकडे चालेल ना?"

"तिकडचं तुम्ही नि वरचं सरकार बघून घ्या," अध्यक्षबाई म्हणाल्या. तोही हसला आणि खाली बसला.

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्यानं गटाराच्या काठावर 'इथून आत हत्यारबंदी' असा फलक रोवला. चार दिवसांनी ठेकेदार आला, खालच्या पायरीवरच थांबला आणि कोटाच्या दोन्ही बाजू उघडून दाखवल्या. "घरी ठेवून आलोय, ताई. डझनभर द्या." पहिली दोन अंडी सुनेनं त्याच्या कमरेवर नजर ठेवूनच उचलली. तिसऱ्यापासून नजर अंड्यांवर आली. तो गेल्यावरही ती बसून राहिली, थेट दुपार कलेपर्यंत, पाटी रिकामी होत आली तरी.

मावशीचा झाडू वरून खाली येत पाटीपाशी पोचला.

"सासूबाई! अंड्यांवर धूळ उडतेय. जरा हळू मारायला काय होतं तुम्हाला?"

एवढा चढा आवाज महिनाभरात घरात नाही की दारात नाही. मावशीनं झाडू आडवा टाकला, मटकन पायरीवर बसली आणि तोंडभर हसली.

"बोल बाई, बोल. घर कसं मसणासारखं गप्प झालं होतं."