डोक्यावरून उडी

शहरातले निम्मे लोक तिच्या दातांनी हसायचे, पण त्यातल्या एकालाही तिचं तोंड माहीत नव्हतं. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्याचे साचे यायचे, त्यावर ही चिनीमातीचे दात घडवायची, भट्टीत भाजायची आणि डबीत घालून परत पाठवायची. वाहवा डॉक्टरांची. एकोणीस वर्षं ती लॅबच्या मागच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून हेच करत बसली होती. डाव्या हातात साचा, उजव्या हातात बारीक ब्रश, आणि हात इतका स्थिर की शेजारच्या टेबलावरच्या मुली म्हणायच्या, हिच्या मनगटात हाड नाही, खिळा आहे. लॅबमध्ये तिला दातवाली म्हणत. घरी ती ताई.

घर म्हणजे आई आणि धाकटा भाऊ. धाकटा तिच्याहून सहा वर्षांनी लहान, म्हणजे तेहतिशीचा घोडा, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा. तो शिंकला तरी आईला त्यात गुण दिसायचा. ताईनं दोन वेळचा स्वयंपाक केला तर तो झाला. धाकट्यानं पाण्याची बाटली भरली तर ती शेजाऱ्यांना सांगायची बातमी. असू दे. अशी घरं काय कमी असतात?

एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर हॉल होता. लढाईच्या व्हिडिओ गेमचं वेड लागलेली मंडळी तिथं रविवारी जमायची. कारकून, नर्सा, केस कापणारा, एक निवृत्त मास्तरसुद्धा. हॉलचा संघ चौघांचा. मोठ्या स्क्रीनसमोर चार खुर्च्या मांडलेल्या असायच्या आणि त्या चौघांखेरीज तिथं कुणी बूड टेकायचं नाही, असा कडक नियम. वर्षातून एका रविवारी बाहेरचा कुणीही चौघांपैकी एकाला आव्हान देऊ शकायचा. पाच डाव जो आधी जिंकेल, खुर्ची त्याची. चौथी खुर्ची धाकट्याची होती.

एकदा तो घराची किल्ली विसरला म्हणून ती हॉलवर गेली. तो खेळत होता. मागं वीस माणसं उभी होती आणि एकाच्याही तोंडातून शब्द निघत नव्हता. आपल्या पाठीशी वीस माणसं श्वास धरून उभी आहेत, हे तिच्या वाट्याला जन्मात आलं नव्हतं. तिला ती खुर्ची हवीशी झाली. आणि स्पष्टच सांगायचं तर त्याच्या बुडाखालून काढून, त्या वीस जणांच्या देखत हवीशी झाली.

घरच्या टीव्हीवर तिनं खेळायला घेतलं, आणि खेळाडू निवडला तोही कसा, तर म्हातारी. त्या खेळात ही एक आंधळी म्हातारी आहे आणि तिच्याबरोबर दोरीला बांधलेला लाकडी बोकड. एक बटण दाबून धरलं की बोकड चालतो, सोडलं की धडक देतो. म्हणजे एका बोटानं बोकड सांभाळायचा आणि उरलेल्या बोटांनी त्याच वेळी म्हातारी लढवायची. भले भले आठवड्याभरात तिला सोडून देत. धाकट्यानं हे पाहिलं आणि सोफ्यावर आडवा होऊन हसला.

"बरोबर निवडलीस. ना रूप, ना ताकद, आणि राबायला एक जनावर."

"मला तुझी खुर्ची घ्यायची आहे," ती म्हणाली.

"घे की. मीच शिकवतो तुला."

पहिले तीन आठवडे बोकड भिंतीत जाऊन धडकत होता. म्हातारी मार खात पडलेली आणि बोकड आपला दुसऱ्या टोकाला शिंगं आपटतोय. तिच्या नाकी नऊ आले. पण बाई चिवट. दाताचा एक थर चुकला तर सगळा दात मोडून पुन्हा पहिल्यापासून, ही तिची जन्माची सवय. तिनं पूर्ण चाल कधी केलीच नाही. आधी नुसतं बटण धरणं. मग धरून चालणं. मग चालता चालता म्हातारीची काठी. "धर, चाल, मार, सोड," असं ओठातल्या ओठात म्हणत ती लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत टेबलाच्या कडेवर बोटं चालवायची. चौथ्या महिन्यात पाच फटके जुळले. सातव्यात अकरा. दहाव्या महिन्यात बोकडाची धडक, काठी, पुन्हा बोकड असे अठरा फटके एका दमात बसले आणि समोरचा गडी जमिनीला टेकलासुद्धा नाही. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायली.

आणि धाकटा? तो रोज संध्याकाळी जेवणाआधी तासभर तिच्यासमोर बसायचा. खोटं कशाला सांगू, तिला फार बरं वाटायचं. आपण ज्याची खुर्ची ओढायला निघालो तोच आपल्याला शिकवतोय, याची तिला लाजही वाटायची. "तू डावीकडे बस, ताई, उजेड डोळ्यावर येणार नाही," असं म्हणून तो स्वतः उजवी बाजू घ्यायचा. "आणि एवढ्यात हॉलमध्ये फिरकू नकोस. पत्ते झाकून ठेव." ती ऐकायची. भावाचं ऐकायचं नाही तर कुणाचं?

त्या खेळात डावीकडे बसणाऱ्याचा गडी डावीकडे उभा राहतो, तोंड उजवीकडे. समोरच्यानं तुमच्या डोक्यावरून उडी मारली की बाजू पालटतात. आपलं तोंड डावीकडे होतं, आणि बोटांना पाठ झालेलं सगळं उलटं करावं लागतं. पुढचं मागं, मागचं पुढं. साधा खेळाडू असला तर निभावतं. पण म्हातारीला ते दोन गड्यांचं उलटं करावं लागतं.

वर्षभरात धाकट्यानं तिच्या डोक्यावरून एकदाही उडी मारली नाही.

कुणी म्हणेल, बाई काय दूधखुळी होती? मोबाईलवर तिनं दुसऱ्यांच्या लढती पाहिल्या होत्या, उड्याही पाहिल्या होत्या. पण डोळ्याला माहीत असणं वेगळं आणि अंगठ्याला माहीत असणं वेगळं. एकटी सराव करायची तेव्हाही ती त्याच बाजूनं उभी राहायची, कारण खेळ सुरूच तिथून होतो. तिच्याशी खेळणारा जगात एकच माणूस होता आणि त्यानं तिला अर्धाच खेळ दाखवला होता.

आव्हानाचा रविवार आला. हॉलमध्ये पन्नासेक माणसं. हॉल सांभाळणारा चष्मेवाला घोषणा करायला उभा राहिला तेव्हा मंडळींना आधीच गंमत वाटत होती, बहीण विरुद्ध भाऊ, तेही म्हातारी घेऊन. तिनं इस्त्रीचे कपडे घातले होते. डाव सुरू झाला, तिनं बोकड पुढं काढला, आणि धाकट्यानं दुसऱ्याच क्षणी तिच्या डोक्यावरून उडी मारली.

बोकड निघाला तो सरळ विरुद्ध दिशेला चालत गेला. म्हातारीनं हवेत काठी फिरवली. लोक हसले. तिनं बटणं सावरली, तोवर तो परत उडी मारून पलीकडे. पाच डावांत त्यानं चाळीस उड्या मारल्या असतील. पाच-शून्य. शेवटच्या डावात तर त्यानं तिला एकच फटका मारला, मग नुसता इकडून तिकडे उड्या मारत राहिला आणि वेळ संपू दिला.

"दुसरी बाजू कुणी शिकवलीच नाही वाटतं यांना," चष्मेवाला म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"वर्षभर उडी न मारून माझेच पाय आखडले होते," धाकटा म्हणाला, आणि हॉल खदखदला.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. ती हसली सगळ्यांबरोबर. दुसरं काय करणार होती?

घरी आईनं लेकाच्या ताटात जास्तीचं वाढलं. "भावाशी कसली गं बरोबरी? आपलेच दात, आपलेच ओठ," ती म्हणाली. जेवण झाल्यावर ताईनं कंट्रोलर घेतला, सोफ्याच्या उजव्या टोकाला बसली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. नुसतं बटण धरणं.

ही दुसरी बाजू पहिलीपेक्षा अवघड गेली, कारण आता शिकायचं होतं आणि विसरायचंही होतं. शिकलेला हात मध्येच जुन्या वाटेनं पळायचा. तिनं त्या रविवारची हॉलमधली हसणारी तोंडं आठवली आणि पुन्हा केलं. द्वेषासारखा मास्तर नाही, हे कुणी शिकवत नाही, पण खरं आहे. लॅबमध्ये ती आता डाव्या हातानं ब्रश धरून साच्यावर रेघा मारायची. धाकट्याशी ती नीट बोलायची, त्याचे शर्ट घडी करायची, आणि मनात रोज त्याला पाच-शून्य हरवायची. एकटीच्या सरावात समोरच्या गड्याला उड्या मारायला लावायची सोय खेळात होती, ती तिनं आता शोधून काढली. अकरा महिन्यांनी बाजू कुठलीही असो, तिला फरक पडेना. उडी मारणारा हवेत असतानाच बोकड वळायचा आणि तो खाली येईस्तोवर धडक तयार असायची. अठराचे बावीस फटके झाले. अशी म्हातारी त्या शहरात कुणी पाहिली नव्हती, आणि अजून कुणाला दाखवलीही नव्हती. ती त्या रविवारची वाट बघत होती.

तीन आठवडे उरले असताना धाकट्याचं लग्न ठरलं. तो हॉलवर गेला आणि चष्मेवाल्याला म्हणाला, "मला आता वेळ नाही या पोरखेळाला. माझी खुर्ची ताईला द्या. फार इच्छा आहे हो तिची."

मंडळींना गहिवरून आलं. भाऊ असावा तर असा, म्हणाले. त्यांनी पेढीवर नाव लावल्यासारखं तिचं नाव यादीत लिहून टाकलं. ती धावत गेली, म्हणाली, मला आव्हान द्यायचं आहे, मला त्याच्याशी खेळायचं आहे. चष्मेवाल्यानं समजूत घातली. "अहो, जागा रिकामी आहे. आव्हान कुणाला देणार?"

घरी तिनं धाकट्याला गाठलं. "एकदा खेळ माझ्याशी. हॉलमध्ये, सगळ्यांसमोर."

तो केस विंचरत होता. "कशाला? हरलो समज मी."

ती चौथ्या खुर्चीत बसली. त्या वर्षी दुसऱ्या शहरांच्या संघांशी लढती झाल्या आणि ती एकही हरली नाही. मागं वीस नाही, दोनशे माणसं श्वास धरून उभी राहिली. आणि प्रत्येक लढत संपली की कुणीतरी शेजारच्याला सांगायचं, भावानं शिकवलं हिला. भावानंच जागा सोडली हिच्यासाठी. तिच्या कानावर ते पडायचं. एकदा ती म्हणाली, त्यानं शिकवलं नाही, उलट लपवलं. तर ऐकणाऱ्या नर्सेनं तिचा हात थोपटला आणि म्हणाली, भावंडांत चालायचंच.

एका दुपारी होणारी सून आणि तिचे वडील घरी आले. आईनं ताईला मिळालेला कपाटावरचा चषक खाली काढून दाखवला. पाहुण्यांनी कौतुक केलं, तसा धाकटा सरसावून बसला.

"मी मुद्दामच अर्धं शिकवलं होतं हिला," तो म्हणाला. "म्हटलं, एकदा चारचौघांत सपाटून पडू दे. पडल्याशिवाय माणूस शिकत नाही."

"वा," होणारे सासरे म्हणाले. "याला म्हणतात दूरदृष्टी."

ती उठली. टीव्ही लावला. एक कंट्रोलर धाकट्याच्या मांडीवर ठेवला. "पाच डाव," ती म्हणाली.

"आत्ता? पाहुणे आहेत, ताई. हरलो म्हटलं ना."

"म्हणायचं नाही. खेळ."

"खेळा की, आम्हीही बघतो," सासरे म्हणाले.

धाकट्यानं हसून आपला गडी निवडला. डाव सुरू झाला. ती बोटं रोवून तयार होती, उडी कुठूनही येवो. उडी आली नाही. धाकट्याचा गडी जागच्या जागी उभा होता. धाकट्याचे दोन्ही हात सोफ्याच्या पाठीवर होते आणि तो सासऱ्यांना दुकानाची नवी जागा कुठं मिळतेय ते सांगत होता. तिनं एक फटका मारला आणि थांबली.

"मार ना," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "थांबलीस का?"

तिनं मारलं. बोकड उजवीकडून आणला, म्हातारी डावीकडून, मग स्वतःच त्याच्या डोक्यावरून उडी घेतली आणि पलीकडून बावीसच्या बावीस फटके बसवले. एक बोट चुकलं नाही. पहिला डाव संपला, दुसरा सुरू झाला. तो गडी तसाच उभा राहून मार खात होता आणि धाकटा भाड्याच्या दुकानाला पुढून दार असावं की बाजूनं, यावर बोलत होता. तिसऱ्या डावाला आई दबक्या आवाजात म्हणाली, "पुरे गं आता. बरं दिसत नाही." होणारी सून तिच्याकडे बघत होती, घरात कुणी आजारी आहे हे आपल्याला आधी सांगितलं नाही अशा नजरेनं. तिला ते सगळं दिसत होतं. कंट्रोलर खाली ठेवावा, एवढंच करायचं होतं, आणि तेवढंच तिला जमेना. चौथा डाव तिनं खेळला. पाचवाही खेळला, शेवटच्या फटक्यापर्यंत, नीट.

सासऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकट्यानं मांडीवरचा कंट्रोलर उचलून आईकडे दिला, जागेवर ठेवायला, आणि तो पाहुण्यांना गच्ची दाखवायला घेऊन गेला.